नाकी नऊ

वाशीला, सेक्टर सतरातल्या एका हॉलमध्ये
आम्ही बेचाळीस दुकानदार, गळ्यात पट्ट्या,
मांडीवर फुकटची फाइल.
कोण हौसेनं येतं? लायसनला लागतं म्हणून आलेलो.
घणसोलीचा फरसाणवाला, दोघे चिकनवाले,
घरी केक करणारी एक पोर, जी सगळं लिहून घेत होती,
आणि मी, शिवदास चाळके,
चाळके डेअरी, कोपरखैरणे.

परुळेकर मॅडम चणीनं एवढ्याशा,
आवाज लिलाव पुकारणाऱ्याचा.
पाच ते साठ अंश, म्हणाल्या, हा धोक्याचा पट्टा.
यात अन्न रेंगाळलं की जंतूंचं लग्नघर.
मागे टेबलावर सकाळपासून आमचेच समोसे होते.
त्यांनी एकात सुई खुपसली.
एक्केचाळीस.
फरसाणवाल्यानं हातातला अर्धा
हळूच रुमालात गुंडाळला.

मग विचारलं, माल गेलाय हे कशावरून कळतं?
वास, म्हणाला चिकनवाला.
वास, दुसरा चिकनवाला.
चाळके, तुम्ही?
मीही म्हणालो, वास.

मॅडम म्हणाल्या,
जो जंतू माणसाला आडवा करतो
त्याला बहुतेकदा वासच नसतो.

मी फाइल उघडली. मिटली.

सांगतो. इथं सांगायला हरकत नाही.
तीन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं.
म्हणजे जागेवर आहे, चष्मा टेकतो त्यावर,
पण वेलची आणि फिनेल मला सारखंच,
दोन्ही नुसती हवा.
माझे वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी.
गोणीला नाक लावून सांगायचे,
आत एक बटाटा गेलाय, खालच्या अंगाला.
गोणी ओतली की निघायचाच.
त्यांचा मी मुलगा. कुणाला काय सांगणार?
रोज पहाटे कॅनवर वाकायचो,
डोळे मिटायचो, त्यांच्यासारखी मान हलवायचो,
ताजं.
गिऱ्हाइकाला तेवढंच हवं असतं.

येताना थर्मामीटर घेतला, तीनशे ऐंशी रुपयांचा.
शटर अर्धं खाली ओढून फ्रीजमध्ये ठेवला.
बाहेरच्या लाल आकड्यावर चार होते,
गेली कित्येक वर्षं चारच आहेत.
आतला पारा चढत जाऊन थांबला:
नऊ.
नाकी नऊ म्हणतात ते हेच असावं,
असा भलताच विनोद सुचला, हसू काही आलं नाही.

पनीर सहा किलो. श्रीखंडाचे चौदा डबे.
खवा, जो उद्याच्या बारशाला जायचा होता.
काढून खाली फरशीवर मांडत होतो
तेव्हा शालन आली,
मागच्या दारानं, ओले हात पदराला पुसत.
मी म्हणालो, थांब, तुला एक सांगायचंय.
ती उकिडवी बसली, खव्याला नाक लावलं,
एक डबा उजवीकडे सारला, मग आणखी एक.
म्हणाली, तुम्ही उठायच्या आधी
मी रोज हुंगून जाते की.
दोन वर्षं झाली. जास्तच.
तुम्ही फोडणी करपली तरी टीव्ही बघत बसायचात.

मग तू बोलली का नाहीस?
तुम्ही मान हलवायचात ना, ती म्हणाली.
बरी दिसायची.

मी तिला मॅडमचं वाक्य सांगितलं,
वास नसलेल्या जंतूंचं.
ती गप्प झाली. उजवीकडचे डबे बघितले, डावीकडचे बघितले.
मग सगळेच पिशवीत भरले.
बारशावाल्यांना फोन तिनंच केला,
शिव्याही तिनंच ऐकल्या.

आता भिंतीवर तक्ता आहे. वेळ, अंश, सही.
फ्रीजवाला येऊन रबर बदलून गेला,
अठराशे घेतले, बिल दिलं नाही.
आज सकाळी सात वाजता साडेतीन,
सही शालनची, वळणदार, रकान्याबाहेर गेलेली.

कुणी विचारतं, पनीर ताजं ना, काका?
मी अजूनही वाकतो, डोळे मिटतो.
सवय.
मग आकडा दाखवतो.